धारूरचा घाट, सराट्याचे काटे आणि दिवसभराची सायकल शर्यत: हौशी माणसाला हे जमतं का?

खामगाव-पंढरपूर महामार्गाने माजलगावकडून निघालात की तेलगाव लागतं आणि तिथून पुढे धारूरचा घाट. अरुंद रस्ता, अंगावर येणारी वळणं, आणि त्यात एखादा मालट्रक चढावर बंद पडला की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग. बीड जिल्ह्यातल्या कुणालाही या घाटाबद्दल विचारा. तो आधी अपघात आणि कोंडीबद्दल सांगेल, मग किल्ल्याबद्दल, मग सीताफळांबद्दल. सायकलचं नाव बहुतेक कुणीच काढणार नाही.

पण डांबरी रस्ता सोडून जरा आजूबाजूला बघा. बालाघाटचे उघडे डोंगर, मुरमाच्या गाडीवाटा, शेतांमधून जाणारे पाणंद रस्ते, मध्येच दगडगोट्यांचा उतार आणि लगेच चढ. जगात जिथे जिथे लांब पल्ल्याच्या माउंटन बाइक शर्यती होतात, तिथे लोक पैसे भरून हेच शोधत येतात. मग नोकरी किंवा शेती सांभाळून सायकल मारणाऱ्या इथल्या एखाद्याने ठरवलं, की अशी एक शर्यत पूर्ण करायची, तर त्याला नेमकं काय लागेल?

आधी एक गैरसमज

इन्स्टाग्रामवर माउंटन बाइकचे जे व्हिडिओ फिरतात, त्यात पोरं कड्यावरून उड्या मारताना दिसतात. तो डाउनहिल नावाचा वेगळा प्रकार आहे, काही मिनिटांत संपणारा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उड्या जवळपास नसतातच. तिथे असतात तास. आठ तास, बारा तास, काही ठिकाणी आठ दिवस.

यातही प्रकार आहेत. एक, सकाळी निघून त्याच दिवशी संपणारी शर्यत. दुसरा, टप्प्यांची शर्यत: रोज ठरलेलं अंतर, रात्री मुक्काम, सकाळी पुन्हा सुरू. दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक अशी आहे. आठ दिवस चालते, दोघांची जोडी असते आणि दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांपेक्षा जास्त लांब जायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे एकटाच पुढे पळाला तर उपयोग शून्य. तिसरा प्रकार सगळ्यात कडक. कॅनडाच्या बाजूने निघून रॉकी पर्वताच्या कडेकडेने मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत जाणारी टूर डिव्हाइड. अंतर ४,३०० किलोमीटरच्या वर. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही, सोबत गाडी नाही. पंक्चर स्वतः काढायचं, जेवण स्वतः शोधायचं, झोपायचं कधी तेही स्वतः ठरवायचं.

आपल्याकडे शिमल्यातून निघणारी एमटीबी हिमालय ही टप्प्यांची शर्यत २००५ पासून ओळखली जाते. मार्ग बदलत राहतो, पण हिमाचलच्या घाटवाटा, सफरचंदाच्या बागा आणि थंडी ठरलेली.

महाराष्ट्रातली माणसं कुठे आहेत?

महाराष्ट्रातली मोठी नावं डांबरी रस्त्यावरच्या सायकलिंगमधून आलेली आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर जाणारी रेस अॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात पूर्ण केली. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ होता. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले आणि त्यांच्या मागोमाग त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले. गोकुळनाथांना त्याआधी २०१६ मध्ये हीच शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. २०१९ मध्ये नवी मुंबईचे कबीर राचुरे यांनीही ती एकट्याने पूर्ण केली.

नावं बघा. यातले बरेच जण डॉक्टर. सायकल हा कुणाचाच पोटापाण्याचा धंदा नव्हता. ड्युटीच्या आधी पहाटे उठून आणि सुट्टीच्या दिवशी लांब जाऊन त्यांनी ही तयारी केली. पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. रेस अॅक्रॉस अमेरिकेत मागे गाडी असते, त्यात चालक, मेकॅनिक, खायला घालणारी माणसं असतात आणि या सगळ्याला मोठा खर्च येतो. धारूरच्या पोराने सुरुवात तिथून करायची गरजच नाही.

खाण बंद पडलेल्या गावाची गोष्ट

इथे एक वेगळं गाव सांगायला हवं. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं लेडव्हिल, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंचीवर. गावाचं पोट क्लायमॅक्स नावाच्या मॉलिब्डेनमच्या खाणीवर चालायचं. १९८२ च्या सुमारास खाण बंद पडली आणि हजारो लोकांचं काम गेलं. गाव रिकामं व्हायला लागलं. केन क्लाउबर नावाच्या खाणकामगाराने तेव्हा एक अचाट कल्पना काढली: लोकांना इथे १०० मैल पळायला बोलवायचं. एवढं अंतर कापायला आलेला माणूस निदान एक रात्र तरी गावात मुक्काम करेल, जेवेल, पैसे खर्च करेल. १९८३ मध्ये पळण्याची शर्यत सुरू झाली आणि १९९४ मध्ये तीच कल्पना माउंटन बाइकवर आली.

आज ही जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध हौशी माउंटन बाइक शर्यतींपैकी एक आहे. प्रवेशासाठी सोडत काढावी लागते. पुढे व्यावसायिक खेळाडू असतात, मागे शिक्षक, नर्स, दुकानदार, आजोबा झालेली माणसं. १२ तासांच्या आत परत आलेल्याला कमरेच्या पट्ट्याचं चांदीचं बक्कल मिळतं. ९ तासांच्या आत आला तर मोठं बक्कल. त्या बक्कलसाठी लोक वर्षभर तयारी करतात.

धारूर तालुक्यात खाण नाही, पण गाव रिकामं होणं म्हणजे काय हे इथे समजावून सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या, मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि लेकरं, हे बीड जिल्ह्याचं दरवर्षीचं चित्र आहे. एका सायकल शर्यतीने ऊसतोड थांबेल असं म्हणणं बालिश ठरेल. लेडव्हिलचंही सगळं दुखणं त्याने बरं झालं नाही. पण ज्या डोंगराकडे लोक ‘काही पिकत नाही’ म्हणून बघतात, तोच डोंगर बघायला कुणी लांबून येऊ शकतं, एवढं त्या गावाने दाखवलं. बालाघाटच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेही याच माळरानाच्या जोरावर.

घड्याळाचं गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हौशी स्वाराची खरी लढत कटऑफशी असते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पोचण्याशी. आणि इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

लेडव्हिलचं अंतर साधारण १६७ किलोमीटर. १२ तासांत ते संपवायचं तर सरासरी ताशी १४ किलोमीटर. ऐकायला किती सोपं! गावातली पोरं शाळेत याहून जोरात जातात. पण ही सरासरी थांबण्याचा वेळ धरून आहे आणि वाटेत तीन हजार मीटरहून जास्त चढण आहे. चढावर वेग ताशी सहा-सातवर येतो. तो वेळ भरून काढायला उतार असतो, पण मुरमाच्या उतारावर नवखा माणूस ब्रेक दाबूनच असतो.

भारतात याची रंगीत तालीम करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे बीआरएम, ज्याला आपल्याकडे ब्रेव्हे म्हणतात. ही शर्यत नाही, नंबर काढत नाहीत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत. चारही एका हंगामात पूर्ण केले की ‘सुपर रॅन्डोनर’ हा किताब. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथल्या गटांनी हा प्रकार महाराष्ट्रात रुजवला. बहुतेक लोक रोड बाइक किंवा हायब्रिड घेऊन येतात, पण माउंटन बाइक चालत नाही असा नियम नाही.

२०० किलोमीटरचं गणित करून बघा. चालत्या सायकलचा वेग ताशी २० असेल तर दहा तास लागतात आणि थांबायला साडेतीन तास उरतात. वेग १८ असेल तर थांबायला जेमतेम अडीच तास. १६ असेल तर फक्त एक तास. त्या एका तासात जेवण, पाणी, पंक्चर, चहा आणि सेल्फी बसवायचे. म्हणून अनुभवी लोक वेग वाढवण्याच्या मागे लागत नाहीत, थांबे कमी करतात. धाब्यावर ऑर्डर देऊन ताट यायची वाट बघण्यात जी पाऊण तासाची चोरी होते, ती कुठल्याच चढावर होत नाही.

सायकल कशी हवी?

महागडी सायकल हवी हा दुसरा गैरसमज. हवे असतात गिअर. जुनी काळी सायकल आठवा, दूधवाल्याची. तिचं पॅडल एकदा पूर्ण फिरवलं की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर ठीक, घाटात उतरून ढकलावीच लागते. आजच्या चांगल्या माउंटन बाइकच्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये तेच एक फेरं फक्त दीड मीटर नेतं. अंतर कमी, पण जोरही कमी. माणूस ताशी पाचच्या वेगाने का होईना, बसून घाट चढतो आणि गुडघे वाचतात.

टायर मात्र बघून घ्यावेत. मराठवाड्यात सायकलचा खरा शत्रू चढ नाही, काटा आहे. बाभळीचा काटा मोठा असतो, निदान दिसतो. सराटा दिसतसुद्धा नाही. एका पाणंदीतून गेलात तर दोन्ही चाकांत आठ-दहा घुसलेले सापडतात. यावर उपाय म्हणजे ट्यूबलेस टायर. त्यात ट्यूबऐवजी एक पातळ द्राव असतो, काटा निघाला की तो भोकात जाऊन घट्ट होतो. ते परवडत नसेल तर साध्या ट्यूबमध्ये भरायचा द्राव मिळतो, आणि सोबत दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या. रस्त्यात दुकान असेल या भरवशावर निघू नये.

आणि पाऊस पडल्यावर काळ्या रानातल्या वाटेवर सायकल घालू नये. ती चिकण माती चाक आणि फ्रेमच्या मध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरमाच्या डोंगरवाटा मात्र पाऊस थांबल्यावर लवकर मोकळ्या होतात. धारूरच्या माळाचा हा मोठा फायदा आहे.

दशमी की एनर्जी जेल?

आता सगळ्यात महत्त्वाचा विषय. लांबच्या शर्यतीत माणसं पायांनी कमी आणि पोटाने जास्त हरतात.

शरीराकडे दोन साठे असतात. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर, तिला ग्लायकोजेन म्हणतात. ती साधारण २,००० कॅलरींच्या आसपास. दुसरा साठा चरबीचा, तो सडपातळ माणसाकडेही भरपूर असतो. पण चरबी हळू जळते. जोरात सायकल मारली की शरीर साखर उधळतं आणि तीन-चार तासांत साठा तळाला जातो. मग अचानक पाय जड होतात, डोकं चालत नाही, विनाकारण रडू येतं. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. झाल्यावर त्यातून बाहेर यायला बराच वेळ जातो, म्हणून होऊच द्यायचा नसतो.

उपाय दोन. पहिला, सुरुवातीपासून इतकं सावकाश जायचं की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. दुसरा, भूक लागायच्या आधी खायचं. आतडं तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं पचवू शकतं, सराव केला तर थोडी जास्त. दोन-अडीच मध्यम केळ्यांत तेवढी मिळतात. जेलच्या छोट्या पाकिटात साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, आणि त्याची किंमत बघून केळीच बरी वाटतात.

मराठवाड्यात प्रवासाला निघताना दशम्या बांधून देतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. गुळाची दशमी टिकते, चुरा होत नाही, खिशात बसते आणि गूळ-पीठ दोन्ही पोटात जातं. शेंगदाण्याचे लाडू चांगले, पण त्यात तेल जास्त, पचायला वेळ लागतो. ते सपाटीवर खावेत, घाटाच्या पायथ्याशी नको. एक गंमतीचा हिशोब: सायकलसकट ९० किलो वजन २०० मीटर उंच चढवायला शरीराला पावणेदोनशे-एकशेऐंशी कॅलरी लागतात. म्हणजे साधारण एक भाकरी.

पाण्याचं मात्र जपून. उन्हात घामाबरोबर मीठ जातं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि प्रकरण वाढलं तर जिवावर बेततं. गंमत म्हणजे याची लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात, म्हणून माणूस अजून पाणी पितो. ओआरएसचं पाकीट हवंच. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. एप्रिल-मेमध्ये दुपारी सराव करण्यात काहीही शौर्य नाही. त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत घरी यावं.

दुखतं कुठे?

पाय दुखतात, पण ते अपेक्षित असतं. न सांगता येणारी दुखणी वेगळी. सीटवर घासून होणारे फोड हे चांगल्या चांगल्यांना शर्यतीबाहेर काढतात. पॅडवाली चड्डी अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, हे नवख्यांना कुणी सांगतच नाही. हँडलवर तासन्‌तास भार पडून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. रेस अॅक्रॉस अमेरिकेत तर मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर उचलता येत नाही. सुरुवातीच्या काळातले स्पर्धक मायकेल शर्मर यांच्यावरून त्याला ‘शर्मर्स नेक’ असं नावच पडलं.

यातलं बरंचसं सायकलची उंची आणि सीट नीट बसवून टळतं. बाकीचं सरावाने. नोकरीवाल्याला आठवड्यात आठ-दहा तास मिळाले तरी पुष्कळ: मधल्या दिवशी तास-दीड तास, रविवारी पाच-सहा तास. दर तीन-चार आठवड्यांनी शनिवार-रविवार लागोपाठ लांब जायचं, म्हणजे थकलेल्या पायांवर चालवायची सवय होते. धारूरसारख्या ठिकाणी चढाच्या सरावासाठी दूर जायला नको. पण घाटाचा मुख्य रस्ता त्यासाठी चुकीचा आहे. वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकला सायकल दिसत नाही. डोंगरातल्या कच्च्या वाटाच बऱ्या.

रात्र आणि ट्रॉली

या सगळ्या प्रकारात खरा धोका अंधाराचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. टूर डिव्हाइड गाजवलेला ब्रिटिश सायकलस्वार माइक हॉल ३१ मार्च २०१७ रोजी ऑस्ट्रेलियात, एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत, पहाटेच्या अंधारात कारची धडक बसून गेला. तो जगातल्या सगळ्यात अनुभवी लोकांपैकी एक होता.

झोप कमी झाली की मेंदू काही सेकंद परस्पर बंद होतो. डोळे उघडे असतात, पण माणूस झोपलेला असतो. ताशी २० च्या वेगाने पाच सेकंदांत सायकल २८ मीटर जाते. कॉफी याला तात्पुरता उतारा आहे. खरा उपाय म्हणजे थांबणं, गजर लावणं आणि वीस मिनिटं आडवं होणं. शर्यत गेली तर गेली.

ब्रेव्हेमध्ये म्हणूनच रात्री पुढचा दिवा, मागचा लाल दिवा आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं असतं. बीड जिल्ह्यात त्यापुढे अजून एक गोष्ट आहे. ब्रेव्हेचा हंगाम नोव्हेंबरपासून धरतात, हवा थंड असते, सायकलला सगळ्यात चांगले दिवस. नेमका तेव्हाच गळीत हंगाम सुरू झालेला असतो. तेलगावला साखर कारखाना आहे. त्या बाजूच्या रस्त्यांवर रात्री उसाने भरलेल्या जोड ट्रॉल्या चालतात आणि कित्येकांच्या मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. उसाचे वाढे बाहेर आलेले, ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी, ड्रायव्हर चहाला गेलेला. सायकलचा तीस-चाळीस मीटर उजेड पाडणारा दिवा तिथे उतारावर कमी पडतो.

म्हणून या भागातून पहिला २०० किलोमीटरचा प्रयत्न करणाऱ्याने पहाटे पाचला निघावं. साडेतेरा तास म्हणजे संध्याकाळी साडेसहा. नोव्हेंबरात इथे सहाच्या आसपासच अंधारून येतं.